स्वस्त तिकीट, जागे भाऊजी

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला न्यूयॉर्कहून शिकागोला जायचं असलं, की तो सगळ्यांत आधी न्यूयॉर्क टाळतो. नेवार्क विमानतळ घराजवळचा. आमच्या एडिसन गावाहून ट्रेनने अर्ध्या तासात, गाडीने गेलं तर वाटेत पूल नाही, पुलाचा टोल नाही, मॅनहॅटनमधलं हॉर्न वाजवणं नाही. आमच्या ओळखीतले एक काका तर न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाचं नाव काढलं तरी असा चेहरा करतात, जणू आपण त्यांना पायी पाठवतोय. नेवार्कहून उडायचं, शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उतरायचं, कोणीतरी गाडी घेऊन आलेलं असतंच. विषय संपला.

माझा विषय तिथे संपत नाही. ताई शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते, त्यामुळे या मार्गाची तिकिटं शोधणं हा माझा जुना उद्योग आहे. आता कोणी विचारलं, की शिकागोला स्वस्तात कसं जायचं, तर मी उलट विचारते, उतरल्यावर तुला न्यायला कोण येणार आहे? पुढचा सगळा हिशोब त्या उत्तरावर ठरतो. तिकीट शोधायच्या साइटवर भाव, वेळ, थांबे, अगदी धुराचं प्रमाणसुद्धा दिसतं. न्यायला येणाऱ्या माणसाचा रकाना मात्र कुठेच नसतो.

कागदावर विमानतळांच्या जोड्या सहा. इकडे नेवार्क, लाग्वार्डिया, जेएफके. तिकडे ओहेअर आणि मिडवे. शोधताना विमानतळाचं नाव न घालता नुसतं शहराचं नाव घातलं तर सगळे एकदम समोर येतात, आणि तसंच शोधावं. आमचे बरेच लोक सवयीने नेवार्क टाइप करतात आणि मग तिकिटं महागली म्हणून कुरकुरतात. उत्साही लोक तिकडे मिलवॉकीही बघतात. तिथल्या विमानतळाला अॅमट्रॅक रेल्वेचं स्वतःचं स्टेशन आहे आणि हायावाथा नावाची गाडी तिथून सव्वा तासाच्या आसपास शिकागोच्या युनियन स्टेशनात सोडते. इकडे फिलाडेल्फियाही आहे, पण एडिसनहून तिथे जाण्यात जो वेळ जातो, त्यात नेवार्कचं विमान निम्म्या वाटेवर पोचलेलं असतं.

नेवार्क म्हणजे न्यूयॉर्क की नाही, हा वाद मात्र आमच्या काकांपेक्षा बराच जुना आहे. १९३४ मध्ये फिओरेल्लो लाग्वार्डिया न्यूयॉर्कचे नवे महापौर होते. त्यांचं विमान नेवार्कला उतरलं. तेव्हा न्यूयॉर्कला येणारी प्रवासी विमानं तिथेच उतरत. सगळे उतरले, महापौर बसून राहिले. माझ्या तिकिटावर न्यूयॉर्क लिहिलंय, हे न्यू जर्सी आहे, मला न्यूयॉर्कला न्या, असा त्यांचा हट्ट. शेवटी विमान त्यांना घेऊन ब्रुकलिनच्या फ्लॉइड बेनेट फील्डवर गेलं, आणि वाटेत त्यांनी बातमीदारांना मुलाखतही देऊन टाकली. नाटक होतं, पण उपयोगी नाटक होतं. १९३९ मध्ये क्वीन्समध्ये पाण्याच्या कडेला शहराचा नवा विमानतळ सुरू झाला आणि पुढे त्याला त्यांचंच नाव लागलं. म्हणजे लाग्वार्डिया हा विमानतळ निम्मा तरी नेवार्कवरच्या रागातून उभा राहिला आहे. हे मी काकांना सांगितलं. त्यांना महापौरांचं म्हणणं पटलं नाही.

त्या काळी निदान एक सोय होती, भाव शोधावा लागत नसे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या विमानांची भाडी सरकारी मंडळ ठरवायचं, सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड. न्यूयॉर्क-शिकागो कोणत्याही कंपनीने गेलात तरी भाडं जवळपास तेवढंच. मग कंपन्या चढाओढ करायच्या ती जेवणावर, खुर्चीच्या रुंदीवर. अमेरिकन एअरलाइन्सने तर जंबो जेटमध्ये पियानो ठेवला होता. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये राज्याच्या आतल्या आत उडणाऱ्या कंपन्यांना हे मंडळ लागू नव्हतं, आणि तिथली तिकिटं डोळ्यांत भरण्याइतकी स्वस्त होती. साउथवेस्ट एअरलाइन्सची सुरुवात १९७१ मध्ये टेक्ससमधली, अशीच. आल्फ्रेड कान नावाचे अर्थशास्त्रज्ञ त्या मंडळाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी आपलंच मंडळ निरुपयोगी ठरवायचा विडा उचलला. २४ ऑक्टोबर १९७८ ला अध्यक्ष कार्टर यांनी कायद्यावर सही केली, भाडी मोकळी झाली. काही वर्षांनी मंडळही बंद झालं. आपण रात्री अकरा वाजता पाच खिडक्या उघडून जे भाव बघत बसतो, त्याची सुरुवात त्या सहीपासून.

मोकळ्या बाजारात स्वस्त तिकीट हवं तर दोन-तीन कंपन्या एकमेकींच्या अंगावर येणाऱ्या वाटेवरच शोधायचं. न्यूयॉर्क-शिकागो ही तशी वाट. ओहेअरवर युनायटेड आणि अमेरिकन दोघींचं मोठं बस्तान आहे, नेवार्कवर युनायटेडचं राज्य, लाग्वार्डियावर डेल्टाचा जोर, आणि मिडवेवर साउथवेस्ट. एखादी स्वस्त कंपनी एखाद्या विमानतळावर आली की शेजारच्या विमानतळाचेही भाव उतरतात, याला अमेरिकेच्या वाहतूक खात्याने १९९३ मध्ये साउथवेस्टचंच नाव देऊन ठेवलंय. म्हणून नेवार्कहूनच उडणाऱ्यानेही लाग्वार्डिया-मिडवेचा भाव बघत राहावं.

लाग्वार्डियाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. १९८४ पासून तिथे पंधराशे मैलांचा नियम आहे. त्याहून लांबच्या शहराला थेट विमान सोडायचं नाही; अपवाद डेन्व्हर आणि शनिवार. त्यामुळे लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आपोआप बाद. उड्डाणांच्या वेळा मोजून दिलेल्या, लांबचं जाता येत नाही, मग त्या मौल्यवान वेळा जवळच्या शहरांवरच खर्च होतात. शिकागो साडेसातशे मैलांच्या आत. म्हणून लाग्वार्डियाहून ओहेअरला दिवसभर विमानं सुटत असतात. एक चुकलं तर दुसरं आहे, हा दिलासा स्वस्त तिकिटाइतकाच मोलाचा आहे, विशेषतः जून-जुलैत, दुपारनंतर वीज-वादळं सुरू होतात तेव्हा.

आता शोधण्याबद्दल. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर तीन महिन्यांनी तेच सल्ले फिरून येतात. मंगळवारी मध्यरात्री तिकीट काढा. ब्राउजरचा इतिहास पुसा, नाहीतर साइट तुम्हाला ओळखते आणि भाव चढवते. मी यावर वाद घालणं सोडलंय. खरी गोष्ट साधी आणि कंटाळवाणी आहे. विमानातल्या खुर्च्या एका भावाच्या नसतात. कंपनी त्यांचे भावागणिक गट पाडते, प्रत्येक गटाला एक इंग्रजी अक्षर असतं, आणि खालच्या गटातल्या जागा संपल्या की वरचा गट उघडतो. काही गट एकवीस, चौदा, सात दिवस आधी बंदच होतात. सोमवारी एकशे दहाला दिसलेलं तिकीट मंगळवारी दीडशेला गेलं, ते कोणी तुमच्यावर नजर ठेवून होतं म्हणून नाही. एक तर कोणीतरी आधी काढलं, नाहीतर दिवस सरले.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते, जी ग्रुपवर कोणी टाकत नाही. चौघांचं तिकीट एकत्र शोधलं आणि स्वस्त गटात तीनच जागा उरलेल्या असल्या, तर साइट चौघांनाही वरच्या गटाचा भाव लावते. म्हणून आधी एकट्याचं शोधून बघायचं. भाव वेगळा आला तर तिघांचं एक आणि एकाचं एक असं काढायचं. नवरा म्हणतो, मग वेगळं बसणार कोण? मी म्हणते, मी. अडीच तास पुस्तक वाचायला मिळतं.

आणि एकदा तिकीट फोडून आत बघावं. अगदी ऐंशी डॉलरचं एकेरी तिकीट घेतलं तरी त्यातले वीसेक डॉलर विमान कंपनीचे नसतातच. साडेसात टक्के केंद्राचा कर, दर उड्डाणामागे आणखी एक कर, सुरक्षेचे ५.६० डॉलर, विमानतळाचे ४.५० डॉलर. म्हणजे कंपनी मला साठेक डॉलरमध्ये शिकागोला नेते. एडिसनहून जेएफकेला टॅक्सी केली तर याच्या दुपटीत भागलं तर नशीब. अमेरिकेतल्या स्वस्त विमानाचं कोडं बरंचसं इथेच आहे. हवेतला प्रवास स्वस्त, जमिनीवरचा महाग. आपण शोधतो मात्र फक्त हवेतला.

तिकीट काढल्यावर चोवीस तास थोडं मोकळं वाटायला हरकत नाही. उड्डाण सात दिवस किंवा त्याहून लांब असेल आणि थेट कंपनीकडून घेतलं असेल, तर चोवीस तासांत रद्द करून पूर्ण पैसे परत मिळवायची सोय आहे. मी आधी तिकीट काढते, मग ताईला फोन करते. उलट केलं तर ताई विचार करून सांगते म्हणते, आणि तोवर खालचा गट संपतो.

खरी परीक्षा असते ती बॅगेची. ताईकडे जायचं म्हणजे नुसते कपडे घेऊन जायचं नसतं. साउथवेस्टचं मराठी घरांत जे कौतुक होतं, ते स्वस्त तिकिटासाठी कमी आणि दोन फुकट बॅगांसाठी जास्त होतं. पन्नास-पन्नास पौंडांच्या दोन, म्हणजे अख्खा फराळ आणि वर कुकर. २८ मे २०२५ पासून ते बंद झालं. त्या दिवसानंतरच्या तिकिटांवर बहुतेकांना बॅगेचे पैसे पडू लागले. आमच्याकडे हळहळ झाली, म्हणजे एखादं दुकान बंद झाल्यावर होते त्याहून थोडी जास्तच. दुसरीकडे बेसिक इकॉनॉमी नावाचा सगळ्यांत स्वस्त तिकिटाचा प्रकार आहे. युनायटेडच्या देशांतर्गत बेसिकमध्ये वरच्या कप्प्यातली बॅगही चालत नाही, फक्त पायाशी मावेल एवढी पिशवी. अमेरिकन आणि डेल्टाच्या बेसिकमध्ये चालते. भावांच्या यादीत हा फरक बारीक अक्षरांत असतो आणि गेटवर मोठ्या आवाजात सांगितला जातो.

मग मी बॅग भरायची पद्धतच बदलली. लोणचं, तूप, श्रीखंड हातातल्या बॅगेत न्यायचं नाही, हे सगळं द्रवात धरतात आणि शंभर मिलिलिटरच्या वर चालत नाही. लाडू, चिवडा, शंकरपाळे बिनधास्त. पीठ आणि मसाला चालतो, पण साडेतीनशे मिलिलिटरच्या वर पूड असली तर वेगळी काढून ठेवावी लागते. एकदा तपासणीला गोडा मसाल्याची पिशवी बाजूला काढली गेली. हातमोजे घातलेल्या बाईंनी पिशवीवरून कापडाची पट्टी फिरवली, ती यंत्रात घातली, काही निघालं नाही. मग त्यांनी पिशवी नाकाजवळ नेली, पुन्हा एकदा नेली, आणि विचारलं, यात काय काय आहे? मी दगडफूल सांगायला गेले आणि अडले. धने, खोबरं, तीळ, आणि एक झाडावर उगवणारी वस्तू, एवढ्यावर भागवलं. त्यांनी मान डोलावली आणि पिशवीची गाठ माझ्यापेक्षा नीट मारून दिली.

अशा हलक्या बॅगेने जायचं असेल, तर लाग्वार्डिया-मिडवे ही माझी लाडकी जोडी आहे. एडिसनहून न्यूयॉर्क पेन स्टेशन, तिथून सबवेच्या ई गाडीने जॅक्सन हाइट्स, आणि स्टेशनाबाहेरून क्यू ७० ची बस. ही बस फुकट आहे, खरंच फुकट, थेट टर्मिनलच्या दारात. वेळ हाताशी असेल तर जवळच ७४ व्या रस्त्यावर चहा होतो. लाग्वार्डियाला जायला रेल्वे नाही, याबद्दल न्यूयॉर्कवाले वर्षानुवर्षं रडतात. ती बांधायचा एक बेत २०२३ मध्ये खर्चाच्या आकड्यांखाली बारगळलासुद्धा. मला ही बस पुरते. आणि विमानतळही आता तो राहिलेला नाही. २०१४ मध्ये उपाध्यक्ष असताना जो बायडन यांनी त्याची तुलना तिसऱ्या जगातल्या देशाशी केली होती. आम्ही तिसऱ्या जगातूनच आलो असल्याने आम्हाला फारसं लागलं नाही. आता टर्मिनल बी नवीन आहे, मधोमध कारंजं आहे आणि काकांना तिथे न्यायची माझी इच्छा आहे.

पलीकडे मिडवे. चौरस मैलभर जागा, त्यात चौकोनात फुली मारावी तशा धावपट्ट्या आणि चारी बाजूंनी वस्ती. उतरताना शेवटच्या मिनिटाला खिडकीतून लोकांच्या घरांची परसं दिसतात, कुंपणाला टेकवलेली सायकल, हवा भरून फुगवलेला पोरांचा हौद. एके काळी हा जगातला सगळ्यांत गजबजलेला विमानतळ होता. जेट विमानं आली, त्यांना लांब धावपट्ट्या हव्या होत्या, सगळं ओहेअरला गेलं आणि मिडवे ओस पडला. भाडी मोकळी झाल्यावर स्वस्त कंपन्यांनी तो पुन्हा जागा केला. आज तिथे उतरल्यावर दारापर्यंत चालायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ओहेअरला विमान धावपट्टीवरून गेटपर्यंतही आलेलं नसतं.

आता भाऊजी.

नेपरव्हिलहून दोन्ही विमानतळ सारख्याच अंतरावर, गाडीने पाऊण तास धरा. ओहेअरच्या वाटेवर टोल, मिडवेच्या वाटेवर ट्रक. शिकागोचं घड्याळ आपल्यामागे एक तास, त्यामुळे इकडून ऑफिस सुटल्यावरही शेवटचं विमान पकडता येतं, आणि बऱ्याचदा तेच सगळ्यांत स्वस्त असतं. ते रात्री साडेदहाला पोचायचं असतं आणि साडेअकराला पोचतं. भाऊजी तोवर विमानतळाजवळच्या मोफत पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर माझं विमान बघत असतात. ईरी तलावावर आलीस, मिशिगनवर आलीस, असे त्यांचे मेसेज मला उतरल्यावर एकदम मिळतात. मग फोन, “कुठल्या दारापाशी उभी आहेस?” दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांचा पुण्याच्या टीमबरोबर कॉल असतो.

भाऊजी यावर कधी काही बोलले नाहीत, बोलणारही नाहीत. आपल्याकडे पाहुण्याला घ्यायला जाणं हा पाहुणचाराचाच भाग. स्टेशनवर कोणी आलं नाही तर ती गोष्ट वीस वर्षं टिकते. म्हणून या हिशोबात तोंड उघडायचं असेल तर ते पाहुण्यानेच. माझ्या चाळीस डॉलरच्या बचतीचं बिल भाऊजींच्या झोपेतून वसूल होतं, हे दिसत असताना मला ते तिकीट स्वस्त म्हणवत नाही.

मी ताईला म्हटलं, मी ट्रेनने येते. मिडवेहून ऑरेंज लाइनच्या शहरातल्या गाडीने अर्ध्या तासात लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यभागी, तिथून चालत युनियन स्टेशन, तिथून मेट्राची लोकल गाडी थेट नेपरव्हिल. स्टेशनवर ये, दहा मिनिटांचं काम.

“बॅग घेऊन शिकागोत चालत जाणार? एकटी?”

“दुपारी दोन वाजता, ताई.”

“ह्यांना काय वाटेल?”

ह्यांना काय वाटलं ते ह्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते लपवायचा प्रयत्न चालला होता. तेव्हापासून तोडगा असा, की मी एकटी असेन तर दिवसाउजेडी, ट्रेनने. आई-बाबा बरोबर असतील तर काहीही वाचवायचं नाही.

आई-बाबांचं गणितच वेगळं. मुंबईहून येताना त्यांच्याकडे प्रत्येकी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. आधी आमच्याकडे येऊन मग ताईकडे जायचं, तर मधलं तिकीट वेगळं आणि त्यावर प्रत्येक बॅगेचे पैसे, पहिलीचे कमी, दुसरीचे जास्त. चार बॅगांचे पैसे जोडले की शंभर डॉलरचं तिकीट दामदुप्पट होऊन समोर उभं राहतं. त्यापेक्षा मुंबई ते शिकागो, आणि परतीला नेवार्क ते मुंबई असं एकच तिकीट काढावं. मधला टप्पा तेवढा राहतो, आणि तोवर त्यांच्या बॅगा रिकाम्या झालेल्या असतात. त्यातली भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ ताईच्या डब्यांत गेलेलं असतं, आणि माझा वाटा आला का हे मी फोनवर विचारत असते.

नेवार्कबद्दल राग नाही, एवढं सांगायला हवं. २०२५ च्या एप्रिलअखेरीस मात्र तिथे फार वाईट दिवस आले. विमानांचं नियंत्रण आदल्या वर्षी फिलाडेल्फियाला हलवलं होतं, तिथली रडार आणि रेडिओ यंत्रणा नव्वदेक सेकंद बंद पडली, एका धावपट्टीचं कामही त्याच सुमाराला निघालं, आणि शेकडो उड्डाणं रखडली. सरकारने मग तिथल्या उड्डाणांवर मर्यादा घातली. त्या उन्हाळ्यात काका पहिल्यांदा लाग्वार्डियाची चौकशी करत होते. मी त्यांना सांगितलं ते एवढंच, की कुठूनही उडा, सकाळचं पहिलं विमान घ्या. ते आदल्या रात्रीच गेटवर येऊन उभं असतं. संध्याकाळचं विमान दिवसभर चार शहरं फिरून, प्रत्येक शहराचा उशीर गोळा करत आपल्याकडे येतं.

ज्यांना विमानाचाच वीट आलाय त्यांच्यासाठी लेक शोअर लिमिटेड नावाची रेल्वे आहे. दुपारी न्यूयॉर्कहून सुटते, हडसनच्या काठाने वर जाते, दुसऱ्या दिवशी सकाळी शिकागो. वीस तास. नवऱ्याला याचा उल्लेखसुद्धा आवडत नाही.

आणि आता माझं सगळं गणित पुन्हा मोडलंय. ताईची मुलगी यंदा शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठात गेली. तिच्या घराजवळचं स्टेशन यूआयसी-हॉलस्टेड, म्हणजे ब्लू लाइन, म्हणजे ओहेअर. ओहेअरहून ही गाडी चोवीस तास चालते, एकही गाडी बदलायची नाही. मिडवेहून तिच्याकडे जायचं तर लूपमध्ये गाडी बदलावी लागते. तिने मला फोनवर बजावलं, “मावशी, या वेळी आधी माझ्याकडे राहायचं. शेवटच्या फ्लाइटने आलीस तरी चालेल, मी जागीच असते.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि आईला सांगू नकोस की मी जागी असते.”

तर सध्या मी लाग्वार्डिया-ओहेअर बघतेय, गुरुवार रात्रीचं. चौऱ्याण्णव डॉलर, वरच्या कप्प्यातली बॅग धरून.